चार नंबरची बोट

तनू, ये गं, इकडे जवळ ये. समोर नाहीस, म्हणून कागदावर जवळ बोलावते आहे. लांबून 'हो मावशी, हो मावशी' म्हणायची सवय तुझ्या आईची, ती तू बरोबर उचललीस. मानेसर काय परदेशात आहे? इथे दिल्लीत, मयूर विहारला पोचायला दोन तास लागतात, आणि तुला सहा महिने लागले. वर परवा म्हणालीस, "सॉरी मावशी, फोन डेड झाला होता." गाड्यांच्या ब्याटऱ्या बनवणाऱ्या फॅक्टरीत इंजिनिअर, आणि स्वतःचा फोन डेड!

हा शब्द खोब्रागड्यांसमोर काढला असतास ना, तर मार खाल्ला असतास. मी गंमत नाही करत. आमच्या धक्क्यावर दोघांनी खाल्ला होता. ते म्हणायचे, "ब्याटरी मरत नाही ताई. तिले लोकं मारते."

तुला त्यांच्याबद्दल कधी नीट सांगितलंच नाही. चलो, आज सांगते. तू ब्याटरीवाली, तुला कळेल.

तुझे काका गेल्यावर मी यमुनेच्या काठी बोटींच्या धक्क्यावर स्टोअर सांभाळायला लागले, ते आठवतं ना? पुराच्या खात्याचा धक्का. पत्र्याची शेड, चिखलात उतरणारा लोखंडी जिना, आणि खाली तरंगत्या पिंपांवर फळ्या टाकून केलेला धक्का. त्याला सहा मोटरबोटी बांधलेल्या. वर्षातले दहा महिने त्या नुसत्या उभ्या. काळं पाणी, फेस, वास. आणि मग एखाद्या जुलैत नदी अंगावर यायची, तेव्हा त्या सहाच्या सहा एका चावीत सुरू व्हायला हव्यात. काम म्हटलं तर एवढंच. पण उभ्या बोटीचीच ब्याटरी जास्त सांभाळावी लागते, हे मला खोब्रागड्यांनी शिकवलं. चालत्या बोटीत इंजिन तिला भरत असतं. उभीतली बसल्या बसल्या रिकामी होत जाते. काही न करता. मी म्हटलं, "माझ्यासारखी." ते हसले नाहीत. ब्याटरीच्या बाबतीत ते हसत नसत.

भंडाऱ्याकडचे. वैनगंगेच्या काठचं गाव. बुटके, रुंद, मान जवळजवळ नाहीच. धक्क्यावर आम्ही दोघंच मराठी. पहिल्या दिवशी मी नमस्कार म्हटलं, ते जय भीम म्हणाले. महिन्याभराने मीही जय भीम म्हणायला लागले, तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या डब्यातली झुणका-भाकर दिली. खाण्याआधी हात खायच्या सोड्याने धुवायचे. खिशात कायम सोड्याची पुडी, ब्याटरीतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, अंगावर उडालं तर त्यावर टाकायला. त्यांचा एकही शर्ट धड नव्हता. तेजाबाचा थेंब पडला की कापड तेव्हा काही बोलत नाही, धुतल्यावर भोक दाखवतं. सगळे शर्ट चाळणीसारखे. बाकीचे बोटवाले चिडवायचे, "ओ खोबरा, ये बैटरी है के घरवाली?" ते म्हणायचे, "घरवालीले मी कधी हात नाही लावला. तुले लावतो, ये इकडे."

सोमवार आणि गुरुवार, सकाळी नऊला. सहाही बोटी. आधी झाकणावर बोटांनी टकटक, आपण कलिंगड बघतो तसं. मग एकेक बूच काढून काचेची पिचकारी आत घालायची आणि तेजाब ओढायचं. आत एक छोटं तरंगणं असतं. ते वर तरंगलं तर ब्याटरी भरलेली, खाली बुडालं तर रिकामी. मग कमी असेल तिथे डिस्टिल्ड पाणी, तेही मोजून. मग शेडमधून वायर ओढून चार्जर, तोही तासांवर मोजून. चार्जिंगला लावलेल्या ब्याटरीला कान लावून बसायचे. आतून चुळचुळ आवाज येतो, तो वाढला की चार्जर बंद. शेवटी इंजिन एकदा सुरू करून बंद करायचं आणि बोटीच्या कडेवर खडूने खूण. मी विचारलं, "मीटरवर हिरवा दिवा लागतो की हो, मग एवढं कशाला?" म्हणाले, "दिवा खोटं बोलते ताई. तेजाब नाही बोलत."

हे ऐकून तुला वाटेल, काय देवमाणूस. बिल्कुल नाही. माणूस भयंकर होता. हात उठायला वेळ लागत नसे. वल्हं हातात असेल तर वल्ह्याने.

एकदा बिल्लू म्हणून एक पाणबुड्या होता, बुडालेली प्रेतं काढणारा. खोब्रागडे शेडमध्ये तीन ब्याटऱ्या चार्जिंगला लावून बाहेर उभे होते. बिल्लू आत गेला आणि बिडी पेटवली. चार्ज होताना ब्याटरीतून गॅस सुटतो, तू तर शिकलीस. असा धडाका झाला की शेडवरची कबुतरं उडाली. झाकणाचे तुकडे पत्र्यात रुतले. बिल्लू तोंड धरून बाहेर आला, ओरडत नव्हता, हंबरत होता. मी स्टोअरच्या दारातून बघत होते. खोब्रागड्यांनी त्याला केसांनी धरलं, फरफटत पिण्याच्या पाण्याच्या टाकीशी नेलं आणि मुंडकं आत दाबलं. वर काढलं, परत दाबलं. बिल्लू लाथा झाडतोय, नखांनी ओरबाडतोय. बाकीचे चौघे धावत आले, त्यांना वाटलं खोबरा त्याला जीवे मारतोय. बिल्लूने बिडी ओढली म्हणून मारतोय! कारण तसं मारू शकणारा माणूस होता ना तो. त्यांनी वल्ही उचलली आणि याच्या पाठीवर घातली. एक, दोन, तीन, मी मोजायचं सोडून दिलं. लाकडाचा हाडावर आवाज कसा येतो, तो मी त्या दिवशी ऐकला. आणि हा माणूस खाली वाकलेला, बिल्लूच्या पापण्या बोटांनी उघडून त्यात पाणी ओततोय, ओरडतोय, "मारो बे, मारो, पर पानी बंद मत करो!"

टाकी रिकामी झाली तेव्हा सोडलं.

बिल्लूला हिंदूराव हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, पाण्याने डोळे वाचवले. खोब्रागड्यांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. गुरुवार होता. पट्टा बांधून सोमवारी नऊला हजर. ज्यांनी मारलं, त्यातल्या एकाने पाय धरले. त्याला म्हणाले, "जोर चांगला आहे तुझा. आता ते बूच उघड." बिल्लूचा मात्र पुढे आठवडाभराने गाल सुजवला. बिडीबद्दल.

मी एकदा रागावले. "खोब्रागडे भाऊ, माणसं म्हणून काही आहे की नाही? ब्याटरीसाठी माणसाला मारता?" उन्हाळ्याची दुपार होती, धक्क्यावर आम्ही दोघंच चहा घेत होतो. तेव्हा त्यांनी चार नंबरच्या बोटीची गोष्ट सांगितली. एकदाच. पुन्हा कधी नाही.

ते नवीन नोकरीला लागलेले, तेव्हाचा पूर. नदीच्या खादरात, म्हणजे पात्रालगतच्या सपाट जमिनीत, भाजी लावणारी माणसं झोपड्यांत राहायची, आजही राहतात. एक बाई दोन लेकरांना घेऊन पंपघराच्या छपरावर अडकली होती. खोब्रागडे ज्यात होते ती चार नंबर तिच्यापर्यंत पोचली. बोट वळवायला इंजिन एकदा बंद केलं, दहा-बारा सेकंद. परत चावी फिरवली. टक. नुसतं टक. आदल्या आठवड्यात ती ब्याटरी कोणा साहेबाच्या घरी साखरपुड्याच्या दिव्यांसाठी गेली होती, आणि अर्धमेली परत येऊन बोटीत बसली होती. लिहिलेलं कुठेच नव्हतं. टक, टक. बोट वाहायला लागली. बाईला वाटलं, हे आपल्याला सोडून चालले. तिने धाकट्याला उचललं आणि बोटीकडे फेकलं.

"दोन हात कमी पडले," ते म्हणाले. "दोन हात, ताई." मग छप्पर गेलं. बोट पुलाच्या खांबावर आपटली, बोटीत पुढे उभा होता तो त्यांचा जोडीदार खांब आणि बोट यांच्यात चिरडला. त्याच्या डोक्यातलं खोब्रागड्यांच्या तोंडावर उडालं.

चहाचा ग्लास त्यांनी धुऊन उपडा ठेवला. "तो टक मले रोज ऐकू येते," म्हणाले. "बस तो पुन्हा धक्क्यावर नाही झाला पाहिजे. मंग मी मेलो तरी चालते."

आता माझं सांगते. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

नवे साहेब आले होते. त्यांचा ड्रायव्हर एका सकाळी चिठ्ठी घेऊन आला: दोन ब्याटऱ्या, साहेबांच्या बंगल्यावर, इन्व्हर्टरसाठी, तात्पुरत्या. सगळ्या ऑफिसांत असंच चालतं, पंखा ऑफिसचा, खुर्ची ऑफिसची, घर साहेबांचं. स्टोअरच्या सहीशिवाय वस्तू हलत नाही. मी सही केली. खोब्रागडे तेव्हा खाली होते. ड्रायव्हर दोन नंबरची ब्याटरी गाडीत ठेवून चार नंबरच्या तारा सोडवत होता, तेव्हा त्यांनी पाहिलं.

"रख नीचे."

"साहब का ऑर्डर है. मॅडम ने साइन किया है, देख ले."

त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली. मग आवाज आला. वल्हं ड्रायव्हरच्या तोंडावर बसलं होतं. तो फळ्यांवर पडला, रक्ताबरोबर दोन दात बाहेर आले. खोब्रागडे पुन्हा उचलत होते, तिघांनी मिळून धरलं. धरलेल्या माणसाला ड्रायव्हरने उठून पोटात लाथा घातल्या, आणि कोणी अडवलं नाही. त्याच संध्याकाळी खोब्रागडे सस्पेंड. दोन्ही ब्याटऱ्या बंगल्यावर गेल्या.

गेटमधून जाताना मला एवढंच म्हणाले, "ताई, सोमवार-गुरुवार."

मी त्या धास्तीने काय केलं, ऐक. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला रोज बजावलं, चार्जिंग बंद पडता कामा नये, अजिबात नाही. त्याने बिचाऱ्याने चारही ब्याटऱ्यांना चार्जर लावले आणि महिनाभर काढलेच नाहीत. रोज हिरवा दिवा बघून मला सांगायचा, "मॅडमजी, फुल!" मी खूश. बोटींची तपासणी झाली, दिवे हिरवे, शाबासकी मिळाली. आतलं पाणी उकळून उडून गेलं होतं आणि आतल्या शिशाच्या पट्ट्या कोरड्या भाजत होत्या, हे कोणाला कळणार? बूच उघडून बघायचं मला सुचलं नाही. इतकी वर्षं दर सोमवार-गुरुवारी बघत होते गं मी.

मग ज्या वर्षी पाणी रिंग रोडवर आलं, तो जुलै आला. सकाळी धक्का जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत उचलला गेला. झाडं, म्हशी, गॅसचे सिलिंडर, सगळं वाहत होतं. एक नंबर तेवढी पहाटे कशीबशी सुरू झाली होती, ती साहेब पाणी बघायला घेऊन गेलेले. समोर खादरात, झाडांवर, झोपड्यांच्या छपरांवर माणसं दिसत होती, ओरडणं इकडे ऐकू येत होतं. बोटवाले उड्या मारून बोटींत बसले, चाव्या फिरवल्या.

टक.

तीन नंबर, टक. पाच, टक. सहा नंबरने तेवढंही केलं नाही. दोन आणि चारमध्ये तर ब्याटरीच नाही. बिल्लूने इंजिन दोरीने ओढायचा प्रयत्न केला, ओढून ओढून तळहात सोलले, दोरी लाल झाली. नव्या माणसाला दोघांनी धरून बडवायला सुरुवात केली. त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि तो माझ्याकडे बोट दाखवत होता, "मॅडम ने बोला था! मॅडम ने!" खरंच होतं ते.

तेवढ्यात गेटवर दांडगाई झाली. खोब्रागडे आले होते. सस्पेंड माणूस, म्हणून चौकीदार आत सोडेना. त्यांनी त्याला उचलून बाजूच्या झुडपात टाकलं. आले, बुचं उघडली, आत पाहिलं, बोट घातलं. बोट कोरडं. मला वाटलं, आता मला मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"ती दोन कुठं आहे?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "बंगल्यावर. मी सही केली होती. मला घर माहीत आहे."

धक्क्याच्या सगळ्या गाड्या आधीच उंचावर नेल्या होत्या, रस्त्यावर मांडीभर पाणी. चहावाल्याची हातगाडी उलटी करून भांडी फेकली आणि आम्ही दोघं ती ढकलत निघालो. मी, साठीला टेकलेली बाई, साडी खोचून. बंगला वरच्या चढावर, कोरडा. गेटवर गार्ड. खोब्रागड्यांनी एकदा सांगितलं, "बैटरी लेने आया हूँ, लोग डूब रहे हैं." गार्ड हसला. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. व्हरांड्याच्या दाराची काच कुंडीने फोडली आणि आत गेले. साहेबांच्या मिसेस दिवाणावर बसलेल्या, वीज गेलेली, वर पंखा फिरतोय. जिन्याखाली आमच्या दोन्ही ब्याटऱ्या.

गार्डने मागून लाठी घातली. पहिली खांद्यावर. दुसरी डाव्या हातावर, आणि हाड मोडल्याचं मला दिसलं, कोपराखाली हात भलत्याच दिशेला वाकला. आणि तनू, लाठ्या पडत असताना या माणसाने काय केलं असेल? उजव्या हाताने खिशातून काचेची पिचकारी काढली. दातांनी बूच उपटलं. तेजाब ओढलं. डोक्यातून रक्त गळून काचेवर येत होतं, ते अंगठ्याने पुसलं आणि उजेडाकडे धरलं.

तरंगणं वर आलं.

"जिवंत आहे ताई," म्हणाले. "उचला."

मी गार्ड आणि त्यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले. दुसरं काय करणार होते? म्हटलं, "मारो, मुझे भी मारो, दस्तखत मेरा है." पुढची लाठी माझ्या पाठीवर आली, पण अर्धवट, बाई बघून हात ढिला पडला असावा. तारा तोडल्या. पंखा थांबला. मिसेस ओरडल्या, "अरे, पंखा!" एवढं सगळं डोळ्यांपुढे झालं, आणि बाई ओरडल्या पंख्यासाठी! एक ब्याटरी त्यांनी एका हाताने छातीशी धरली, दुसरी मी पदरात गुंडाळून. आपलं पोर उचलतो तशी.

परतल्यावर एक ब्याटरी चार नंबरमध्ये बसवली. तारा बिल्लूने आवळल्या, कारण खोब्रागड्यांचा हात लाइफ जॅकेटच्या पट्ट्याने गळ्यात बांधला होता. चावी त्यांनीच फिरवली. मी डोळे मिटले.

इंजिन पहिल्या फटक्यात उठलं.

कोणी टाळ्या नाही वाजवल्या. एक आणलेली ब्याटरी चारमध्ये राहिली, आणि दुसरी या बोटीतून त्या बोटीत उचलून बाकीची चारही इंजिनं एकामागून एक सुरू केली. मग दिवसभर फेऱ्या. पलीकडे काय चाललं होतं, ते बिल्लूने मला नंतर सांगितलं. बोट दिसली की पुरुष आधी उड्या घ्यायचे, बायकांना पाण्यात ढकलून. खोब्रागडे पुढे उभे, एका हातात वल्हं. चढणाऱ्या पुरुषांच्या बोटांवर मारायचे. बोटं मोडली असतील काहींची. "पहले बच्चा! पहले बच्चा!" आणि एका छपरावरच्या बाईने घाबरून लेकरू फेकायला उचललं, तेव्हा वल्हं टाकून असे ओरडले म्हणे की बिल्लूच्या अंगावर काटा आला. "फेको मत! मैं आ रहा हूँ! फेको मत!" इंजिन चालू होतं. बोट छपराला टेकवली आणि तिच्या हातातून लेकरू हातात घेतलं. एका हातात.

पुढे चौकशी झाली. घरफोडी, मारहाण, सस्पेंड असताना सरकारी बोट चालवली. त्यांनी सगळं कबूल केलं, "हो, मारलं," दर प्रश्नाला. मी माझ्या सहीचं आणि महिनाभराच्या चार्जिंगचं सांगितलं. साहेबांची बदली झाली, मला समज मिळाली, खोब्रागड्यांची नोकरी गेली. ज्याला जास्त लागायचं, त्यालाच जास्त लागलं. मी रडले, तेव्हा माझ्यावरच ओरडले, "रडता कायले? टक झाला का? नाही ना झाला?" आणि पिचकारी माझ्या हातात दिली. "ज्याले समजते त्याले द्या."

शेवटचं दिसले ते एका सोमवारी. मी स्टोअरच्या खिडकीत होते. तारेच्या कुंपणापलीकडे, रस्त्याच्या कडेला उभे होते, डावा हात वाकडाच जुळलेला, हातात भंडाऱ्याला जायची पिशवी. आत आले नाहीत, मला हाकही मारली नाही. नऊ वाजले होते. खाली तोच नवा माणूस बोटी सुरू करून बघत होता. एक नंबर सुरू झाली. दोन. तीन. प्रत्येकीला ते उजव्या हाताची बोटं तारेत घट्ट रोवायचे आणि इंजिन उठलं की सोडायचे. चारच्या वेळी रोवली, तारेचा काटा लागून रक्त आलं असणार, तरी धरून राहिले. इंजिन उठलं. त्यांनी बोटं सोडली, शर्टाला पुसली, आणि पाच-सहासाठी थांबले नाहीत.

मी आता रिटायर झाले, पण तो नवा माणूस दर सोमवारी मला फोन करतो. मुलगा बरा आहे, शिकायची इच्छा आहे, पण मला सगळं थोडंच सांगता येतं? चुळचुळ किती झाली की थांबायचं, हे मला कुठे ठाऊक? पिचकारी कपाटात आहे, सोबत ती साडी. तेजाब त्या दिवशी कळलं नाही, धुतल्यावर पदराला भोकंच भोकं निघाली. टाकवत नाही.

तेव्हा ये गं बाई. रविवारी येऊन जेवून झोपून जाऊ नको, सोमवारची सुट्टी काढून ये. धक्का इथून जवळ आहे, नऊच्या आत पोचू. झुणका-भाकर मी करून घेते. जुलै लांब नाही, लवकर ये.